रक्तातले दुखणे की घरातला धूर?

वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला, म्हणून मुलालाही होणारच का? मग सिगारेट सोडून काय उपयोग? तिरुवैयारुच्या एका मराठी घरात उठलेला हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरातला आहे.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गेलात, तर प्राकाराच्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबा. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली तिथे भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. कोण कोणाचा मुलगा, कोणी कुठे राज्य केले, कोणामागून कोण गादीवर आले, सारे काही दगडावर आहे. आपल्याही घरांत वंशावळी असतात. कुलदैवत, गोत्र, मूळ गाव आपण मुलांना पाठ करायला लावतो. पण आजोबा कशाने गेले, आत्याला नेमके काय झाले होते, तेव्हा तिचे वय किती होते, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळते, ‘‘काहीतरी छातीचे होते.’’

तंजावरपासून सुमारे तेरा किलोमीटरवर तिरुवैयारु आहे. पाच नद्यांचे स्थान, असा या नावाचा अर्थ. संत त्यागराजांनी (१७६७–१८४७) आयुष्याचा मोठा भाग इथेच काढला. कावेरीकाठी त्यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला तिथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. या गावातल्या एका मराठी कुटुंबाची ही हकिकत आहे. घरच्यांच्या इच्छेवरून नावे वगळली आहेत.

भिंतीवरच्या तीन तसबिरी

या घराच्या ओसरीवर तीन तसबिरी आहेत. पहिली आजोबांची. ते चिरूट ओढीत. तिरुचिरापल्लीचे चिरूट एके काळी सातासमुद्रापार प्रसिद्ध होते आणि घरात त्यांची पेटी असणे प्रतिष्ठेचे मानले जाई. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी खोकल्यातून रक्त पडू लागले आणि पाच महिन्यांत ते गेले. दुसरी तसबीर वडिलांची. ते सिगारेट ओढीत, दिवसाला एक पाकीट. दरवर्षी आराधनेला गायला बसत. एका वर्षी लांबलेली ओळ एका श्वासात पुरी होईना, तेव्हा ते मध्येच गप्प झाले. ‘‘थंडी बाधली,’’ असे म्हणाले. बावन्नाव्या वर्षी त्यांचेही निदान तेच निघाले. तिसरी तसबीर आत्याची. तिने कधी सिगारेटला हात लावला नव्हता. पण लग्नाआधी वडिलांच्या आणि लग्नानंतर नवऱ्याच्या धुरात तिचे आयुष्य गेले. तिलाही अठ्ठावन्नाव्या वर्षी हाच आजार झाला.

आता घरचा थोरला मुलगा एक्केचाळीस वर्षांचा आहे. सकाळची फिल्टर कॉफी झाली की तो पहिली सिगारेट पेटवतो. रात्रीपर्यंत बारा होतात. धाकटी बहीण त्याच्या मागे लागली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘हे बघ, आमच्या रक्तातच आहे ते. आजोबा गेले, अप्पा गेले, आत्याने तर ओढलीही नव्हती, तीही गेली. माझे जे व्हायचे ते होईल. मग असलेले एवढे सुख तरी कशाला सोडू?’’

बहिणीला उत्तर सुचले नाही. पण प्रश्न खोटा नव्हता. तो नीट तपासून पाहण्याजोगा आहे.

घराण्याचा वाटा किती?

फुप्फुसाचा कर्करोग एकाच घरात पुन्हा पुन्हा का दिसतो, याचा पहिला पद्धतशीर अभ्यास टोकुहाता आणि लिलियनफेल्ड या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. एका घरातले लोक बहुधा एकासारखेच धूम्रपान करतात, म्हणून रोगही सारखाच होतो, असे कोणीही म्हणेल. पण रुग्णांचे जे नातेवाईक धूम्रपान करीत नव्हते, त्यांच्यातही या रोगाचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे धुराखेरीज आणखी काहीतरी घराण्यातून येत होते.

पुढे आइसलँडमध्ये हे आणखी स्पष्ट झाले. त्या छोट्या देशात पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आणि कर्करोगाच्या नोंदी दोन्ही नीट जपलेल्या आहेत. २००४ साली तिथल्या संशोधकांनी जवळजवळ अर्ध्या शतकातल्या रुग्णांचे नातेसंबंध तपासले. रुग्णांचे आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा रोग इतरांच्या मानाने दुपटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक दिसला. ज्या रुग्णांना तो साठीच्या आत झाला होता, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांत हे प्रमाण तिपटीच्या घरात गेले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. रोग जितक्या लवकर होतो, तितका त्यात घराण्याचा वाटा असण्याची शक्यता वाढते. नंतर अनेक देशांतल्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले, तेव्हा जवळच्या एका नातेवाइकाला हा रोग असेल तर धोका साधारण दीडपट होतो आणि भावंडाला असेल तर आणखी थोडा वाढतो, असे दिसले.

हा वारसा येतो कसा? कर्करोगच वारशाने मिळतो, असे नाही. मिळते ती प्रवृत्ती. धुरातल्या विषारी द्रव्यांचे शरीरात विघटन करण्याची, पेशीतल्या डीएनएला झालेली इजा दुरुस्त करण्याची प्रत्येकाची ताकद वेगळी असते. शिवाय २००८ साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांना पंधराव्या गुणसूत्रावरच्या एकाच भागाचा या रोगाशी संबंध आढळला. निकोटीन ज्यांना जाऊन चिकटते, त्या ग्राहक रेणूंची जनुके त्या भागात आहेत. या जनुकांचा विशिष्ट प्रकार ज्यांच्यात असतो, ते सिगारेट अधिक ओढतात आणि ती सोडणे त्यांना अधिक जड जाते. म्हणजे वारसा काही वेळा थेट फुप्फुसापर्यंत न पोचता आधी सिगारेटच्या पाकिटापर्यंत पोचतो!

काही मोजक्या घराण्यांत मात्र एकाच जनुकातला दोष मोठा धोका निर्माण करतो. अशी घराणी विरळा. तिथे हा रोग किंवा वेगवेगळ्या जागांचे कर्करोग अगदी तरुण वयात, अनेकांना झालेले दिसतात. अशा वेळी कर्करोगतज्ज्ञांकडून जनुकीय सल्ला घेणे योग्य. बाकीच्यांसाठी ‘फुप्फुसाचा कर्करोग होणार की नाही’ हे सांगणारी एखादी रक्ततपासणी नाही.

धुराचा वाटा किती?

आता दुसरे पारडे पाहू. १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवून दिले. डॉल स्वतः सिगारेट ओढीत. रुग्णालयातून येणारे आकडे पाहता पाहता, अभ्यास पुरा होण्याआधीच त्यांनी ती सोडली!

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात. त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. प्रत्येक झुरक्याबरोबर ती फुप्फुसाच्या पेशींवर जाऊन आदळतात. शरीर इजा दुरुस्त करीत राहते, पण वर्षानुवर्षे चाललेल्या माऱ्यात कुठेतरी एखादी चूक तशीच राहून जाते. अशा चुका साठत गेल्या की एक पेशी बेबंद वाढू लागते. म्हणूनच दिवसाला किती, याइतकेच किती वर्षे, हेही महत्त्वाचे असते. पंधराव्या वर्षी सुरुवात करणारा पंचेचाळिशीत तीस वर्षांचा धूम्रपानी झालेला असतो. लवकर होणाऱ्या कर्करोगाचे एक कारण ही लवकर झालेली सुरुवातही आहे.

घराणे आणि धूर यांचा हिशेब साध्या रुपयांत मांडून पाहू. ज्याने कधी धूम्रपान केले नाही आणि ज्याच्या घरात हा रोग नाही, त्याचा धोका एक रुपया माना. त्याच्या आई, वडील किंवा भावंडाला हा रोग झाला असेल, तर तो दीड ते दोन रुपये होतो. घरात रोग नसला तरी जो वर्षानुवर्षे सिगारेट ओढतो, त्याचा धोका पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांनुसार पंधरा ते तीस रुपये होतो. आणि घरात रोग असून जो सिगारेट ओढतो, त्याचे काय? इथे हिशेब बेरजेपेक्षा गुणाकाराच्या जवळ जातो.

तिरुवैयारुच्या त्या थोरल्या मुलाचा तर्क नेमका इथे चुकतो. ‘रक्तात आहे, मग सोडून काय उपयोग?’ असे तो म्हणतो. खरे तर रक्तात आहे, म्हणूनच सोडण्याचा उपयोग त्याला इतरांपेक्षा जास्त आहे. गुणाकारातला एक आकडा त्याच्या हातात नाही. दुसरा आहे आणि तोच मोठा आहे.

‘मी तर विडी ओढतो’

आपल्याकडे विडी सिगारेटपेक्षा सौम्य, पानाची, म्हणून ‘नैसर्गिक’ असा समज आहे. तेंदूच्या पानात गुंडाळल्याने तंबाखू बदलत नाही. २००८ साली भारतभरातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे दहा वर्षांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी २००३ साली खुद्द तमिळनाडूतल्या ४३ हजार पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला होता. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने होणारे मृत्यूही कितीतरी अधिक, असे त्यात दिसले. फिल्टर, ‘लाइट’ सिगारेट किंवा सिगारेट सोडून तोंडात धरलेली तंबाखू यांतले काहीही सुरक्षित नाही. तंबाखू चघळल्याने तोंडाचा कर्करोग होतो.

आत्याचे काय?

आत्याने तर कधी ओढली नव्हती, मग तिला का? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. फुप्फुसाचा कर्करोग धूम्रपान न करणाऱ्यांनाही होतो. भारतात अशा रुग्णांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण लक्षणीय आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा रोग सुमारे दहा वर्षे आधीच्या वयात दिसतो, हेही तज्ज्ञांनी नोंदवले आहे.

दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर हे याचे एक सिद्ध कारण आहे. जपानमध्ये हिरायामा यांनी १९८१ साली सिगारेट ओढणाऱ्यांच्या बायकांचा अभ्यास करून हे प्रथम ठळकपणे मांडले. घरातल्या अशा धुराने धोका वीस ते तीस टक्क्यांनी वाढतो. आपल्या देशात २०१६–१७ साली झालेल्या पाहणीत सुमारे ३९ टक्के प्रौढ घरातच दुसऱ्याच्या धुराला तोंड देत असल्याचे आढळले. त्याशिवाय कोळशाच्या शेगडीचा धूर, शहरातली प्रदूषित हवा, अॅस्बेस्टॉस आणि काही ठिकाणी जमिनीतून येणारा रेडॉन वायू हीही कारणे आहेत. बाहेरच्या प्रदूषित हवेची कर्करोगकारक म्हणून अधिकृत नोंद २०१३ साली झाली.

आत्याच्या बाबतीत तिच्या वडिलांचा वारसा आणि पन्नास वर्षांचा परका धूर, दोन्ही होते. त्यात कोणाचा वाटा किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण तिची तसबीर ‘सोडून काय उपयोग’ याचा पुरावा ठरत नाही. घरात ओढलेली सिगारेट एकट्याची नसते, एवढे मात्र ती सांगते.

खोकला तीन आठवडे टिकला तर

वडिलांच्या आजारात चार महिने वाया गेले. एक्स-रेवर डाग दिसला आणि तो क्षयाचाच धरून औषधे सुरू झाली. आपल्या देशात हे पुष्कळदा घडते. क्षय सर्वत्र आहे आणि खोकला, ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखी आहेत. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला किंवा नेहमीपेक्षा बदललेला खोकला, थुंकीत रक्त, आवाज बसणे, छातीत किंवा खांद्यात सतत दुखणे, दम लागणे, कारण नसताना वजन उतरणे, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. क्षयाची औषधे सुरू करण्यापूर्वी थुंकीची तपासणी झाली का, हे विचारा. औषधांनी अपेक्षेप्रमाणे उतार पडत नसेल, तर सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास गाठीचा तुकडा काढून तपासणी करण्याविषयी बोला. आणि घरात कोणाला फुप्फुसाचा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा.

लक्षणे दिसण्याआधी रोग सापडू शकतो का? २०११ साली अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५५ ते ७४ वयाच्या, दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्या व्यक्तींची कमी किरणांच्या सीटी स्कॅनने दरवर्षी तपासणी केली, तर या रोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात, असे दिसले. साध्या एक-रेने मात्र असा लाभ होत नाही. आपल्याकडे अशी सरसकट राष्ट्रीय योजना नाही. जुन्या क्षयाचे व्रण स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसून विनाकारण धास्ती आणि तपासण्या वाढू शकतात. म्हणून घराण्यात रोग आणि स्वतःचे वर्षानुवर्षांचे धूम्रपान अशी दुहेरी स्थिती असलेल्यांनी छातीच्या तज्ज्ञांशी बोलून निर्णय घ्यावा.

सोडल्याने नेमके काय मिळते?

डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे लक्ष ठेवले. सिगारेट ओढत राहणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले. ज्यांनी तिशीत सोडली त्यांनी ती दहाच्या दहा वर्षे परत मिळवली. चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनीही तीन वर्षे मिळवली. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सोडल्यानंतर सुमारे दहा वर्षांत, ओढत राहणाऱ्याच्या मानाने निम्म्यावर येतो. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाने हे आकडे दोनदा वाचावेत!

सोडणे सोपे नाही, हे खरे. झुरका घेतल्यापासून काही सेकंदांतच निकोटीन मेंदूत पोचते. ते मिळाले नाही की चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे सुरू होते. हा त्रास पहिल्या काही दिवसांत सर्वांत तीव्र असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. एकेक तलब तर काही मिनिटांचीच असते. तेवढी मिनिटे निभावून नेणे, हीच खरी युक्ती.

सोडण्याची तारीख ठरवा आणि ती घरात सांगा. आपली सिगारेट कशाशी जोडलेली आहे, ते ओळखा. कॉफीशी असेल, तर काही दिवस कॉफीची जागा आणि वेळ बदला. निकोटीनचे च्युइंगगम किंवा पट्टी, तसेच काही औषधे उपयोगी पडतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सल्ला देते. एखादे दिवशी पाय घसरला तर सारे संपले असे मानू नका. सुटलेल्यांपैकी पुष्कळांनी अनेकदा प्रयत्न केलेले असतात.

पडद्यावरच्या सिगारेटचीही एक गोष्ट सांगायला हवी. मराठी घरात जन्मलेले रजनीकांत सत्तरच्या दशकापासून सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलीत आणि तमिळनाडूतली पोरे आरशासमोर तीच लकब गिरवीत. २००२ साली ‘बाबा’ चित्रपटाच्या वेळी यावरून मोठा वाद झाला. धूम्रपान सोडल्याचे आणि त्याचे श्रेय पत्नीला असल्याचे रजनीकांत यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. मुले काय पाहतात, याला महत्त्व आहे. पडद्यावर पाहतात त्याहून जास्त ती घरात पाहतात.

घराची आरोग्य-वंशावळ लिहा

दुसऱ्या सरफोजी राजांनी तंजावरला धन्वंतरी महाल उभारला होता. डोळ्यांच्या रुग्णांची त्यांच्या काळात लिहिलेली टिपणे आणि डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. कोणाला काय झाले, काय उपचार केले, याची नोंद ठेवण्याचे मोल त्या राजाने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

आपल्याला त्यासाठी महाल नको, एक वही पुरे. तीन पिढ्यांची नावे लिहा : आजी-आजोबा, आईवडील, काका, मामा, आत्या, मावश्या, भावंडे. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा. कोणता मोठा आजार झाला? निदानाच्या वेळी वय काय होते? तंबाखू कोणत्या रूपात आणि किती वर्षे? काम कोणत्या ठिकाणी केले? जुने अहवाल जपून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. कर्करोगाचे नाव काढायचे नाही, ही जुनी रीत आता सोडायला हवी. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी आपल्या धाकट्या बहिणीला कर्करोगाने गमावले. ते दुःख त्यांनी झाकून ठेवले नाही. त्यांच्या प्रयत्नांतून १९५४ साली चेन्नईतल्या अड्यारची कर्करोग संस्था उभी राहिली.

तिरुवैयारुच्या त्या बहिणीने अशी वही केली. भावाशी वाद घालणे तिने सोडून दिले. फक्त वही त्याच्यापुढे ठेवली. आजोबांच्या नावापुढे चिरूट, चाळीस वर्षे. अप्पांच्या नावापुढे सिगारेट, तेहतीस वर्षे. आत्याच्या नावापुढे ‘स्वतः नाही, घरात पन्नास वर्षे’. थोरल्या काकांनी कधी धूम्रपान केले नाही. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून रोज सकाळी नदीकाठी फिरून येतात. त्यांचा रकाना तिने मुद्दाम शेजारी घेतला होता. खाली भावाचे नाव होते : सिगारेट, तेवीस वर्षे. त्याच्याखाली त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाचे नाव. त्यापुढची जागा कोरी होती.

‘‘अण्णा, इथे काय लिहायचे ते तूच सांग,’’ ती म्हणाली.

या गोष्टीला आता सात महिने झाले. मध्ये एका लग्नात त्याने दोन सिगारेटी ओढल्या, तेही बहिणीने वहीत लिहिले आहे. त्यानंतर मात्र नाही. कॉफी तो आता ओसरीऐवजी स्वयंपाकघरात आईजवळ बसून पितो. कर्करोग होणारच नाही, अशी हमी त्याला कोणी देऊ शकत नाही. तेवीस वर्षांचा धूर आणि तीन तसबिरी त्याच्या मागे आहेत. पण दर धूरविरहित वर्षागणिक, ओढत राहिला असता तर जो धोका असता, त्याच्यापासून तो दूर जात राहील.

मुलाच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. ती तशीच राहावी, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे.